मोजले कोणी?

२४ मार्च १९५१. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांनी ब्युनोस आयर्समध्ये पत्रकारांना बोलावून जाहीर केले, की आपल्या देशाने सूर्याची ऊर्जा काबूत आणली आहे. देशाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर १६ फेब्रुवारीला नियंत्रित अणुसंमीलनाचा प्रयोग यशस्वी झाला असून, पुढे ही ऊर्जा दुधासारखी अर्ध्या आणि एक लिटरच्या बाटल्यांतून विकली जाईल, असे त्यांनी सांगितले. त्या वेळी अमेरिकेचा किंवा रशियाचा हायड्रोजन बॉम्बसुद्धा फुटलेला नव्हता. महासत्तांना जे संहारासाठीही साधले नव्हते, ते अर्जेंटिनाने घरोघरच्या दिव्यांसाठी साधल्याचा हा दावा होता.

तेव्हापासून आजपर्यंत संमीलनऊर्जेचे असे दावे पुनःपुन्हा झाले. त्यातले काही कोसळले, एखादाच टिकला. कोणता टिकला आणि का, याचा माग काढला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दावा करणाऱ्याचे पद, कीर्ती, संस्थेचे नाव किंवा त्याचा प्रामाणिकपणा यांपैकी कशावरही निकाल लागला नाही. तो लागला मोजमापावर, आणि ते मोजमाप कोणी केले यावर.

हे मोजमाप इतके अवघड का, ते आधी पाहू. युरेनियमसारखे जड केंद्रक फोडले की ऊर्जा मिळते, तशीच ती हायड्रोजनसारखी हलकी केंद्रके एकत्र आणली तरी मिळते. पण केंद्रकांवर धन भार असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायचे तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्या तापमानाला अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा बनतो. तो कोणत्याही भांड्यात ठेवता येत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राने त्याला भिंतींपासून दूर धरून ठेवायचे. ड्युटेरियम या जड हायड्रोजनची दोन केंद्रके एकत्र आली, की साधारण निम्म्या वेळा एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. म्हणून न्यूट्रॉन हा संमीलनाचा साक्षीदार. मात्र तो उलटतपासणी घेतल्याशिवाय विश्वास ठेवण्याजोगा नाही, हे शास्त्रज्ञांना फार महागात पडून कळले.

अर्जेंटिनात तर साक्षीदारच नव्हता. त्या बेटाचे नाव हुएमुल. बारिलोचे गावाजवळच्या नाहुएल हुआपी या सरोवरात ते आहे. तिथे रोनाल्ड रिश्टर या ऑस्ट्रियन वंशाच्या शास्त्रज्ञासाठी पेरोन यांनी १२ मीटर उंचीची काँक्रीटची अणुभट्टी उभारून दिली होती. युद्धानंतर अर्जेंटिनात आलेले जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांनी १९४८ मध्ये रिश्टरची पेरोनशी गाठ घालून दिली आणि राष्ट्राध्यक्षांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला. बेटावर लष्कराचा पहारा होता. रिश्टर काय मोजतो आणि कसे मोजतो, हे देशातल्या भौतिकशास्त्रज्ञांना दीड वर्ष कळू शकले नाही.

अखेर सप्टेंबर १९५२ मध्ये एक चौकशी समिती बेटावर गेली. होसे अँतोनियो बाल्सेरो हा तेहतीस वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ मँचेस्टरमध्ये संशोधन करत होता. त्याला या कामासाठी मायदेशी बोलावण्यात आले. समितीने प्रात्यक्षिक पाहिले. विजेच्या मोठ्या ठिणगीत हायड्रोजन आणि लिथियम सोडले जात होते, प्रचंड आवाज होत होता; पण समितीच्या उपकरणांनी केंद्रकीय प्रक्रियेतून निघणारे कोणतेही प्रारण नोंदवले नाही. ठिणगीचे तापमान संमीलनाला लागणाऱ्या कोट्यवधी अंशांच्या जवळपासही जात नव्हते. रिश्टरच्या उपकरणांचे काटे ज्याला प्रतिसाद देत होते, ते संमीलन नव्हते. बाल्सेरोने अहवालात हे स्पष्ट लिहिले आणि त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच बारिलोचेत बाल्सेरोच्या पुढाकाराने भौतिकशास्त्राची संस्था सुरू झाली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि लॅटिन अमेरिकेतल्या उत्तम विज्ञानसंस्थांत तिची गणना होते.

या खोट्या ठरलेल्या बातमीचा आणखी एक परिणाम झाला. पेरोनची घोषणा अमेरिकेत वाचणाऱ्यांत प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर होते. त्यांचा दाव्यावर विश्वास बसला नाही, पण अॅस्पेनच्या बर्फात स्कीइंग करताना त्यांच्या डोक्यात प्रश्न घोळू लागला, की तापलेला वायू खरोखर धरून ठेवायचा तर कसा? त्यातून ‘स्टेलरेटर’ या यंत्राची कल्पना निघाली आणि अमेरिकेच्या चुंबकीय संमीलन संशोधनाची एक मोठी शाखा १९५१ मध्येच सुरू झाली.

त्या काळात हे सगळे काम अमेरिका, ब्रिटन आणि रशियात पडद्याआड चालले होते. संमीलनाचा उच्चार जगापुढे ठळकपणे केला तो मुंबईच्या होमी भाभांनी. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रसंघाची पहिली परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून भाभांनी भाकीत केले, की संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची पद्धत येत्या दोन दशकांत सापडेल. मुदत हुकली, हे आपण जाणतो. पण त्या भाषणामुळे जो विषय कोणी उघड बोलत नव्हते तो जागतिक चर्चेत आला, याचे श्रेय भाभांना द्यायला हवे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये, सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह ख्रुश्चेव्ह यांच्यासोबत ब्रिटनला आले. हार्वेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात त्यांनी व्याख्यान दिले आणि गुप्त मानले जाणारे प्रयोग सविस्तर सांगितले. त्यात एक कबुलीही होती. ड्युटेरियममधून विजेचा जबर प्रवाह सोडल्यावर आमच्याकडे न्यूट्रॉन दिसले होते, पण तपासाअंती ते खऱ्या, म्हणजे उष्णतेने घडलेल्या संमीलनाचे नव्हते, असे त्यांनी सांगितले. प्लाझ्मातली विद्युतक्षेत्रे काही थोड्या केंद्रकांना वेगाने फेकतात, ती इतरांवर आदळतात आणि न्यूट्रॉन निघतात. बाकीचा वायू त्या मानाने थंडच असतो. अशा प्रक्रियेतून वीज कधीच मिळणार नाही.

ज्या हार्वेलमध्ये हा इशारा मिळाला, तिथेच दोन वर्षांच्या आत तो विसरला गेला. ऑगस्ट १९५७ मध्ये हार्वेलचे ‘झीटा’ हे यंत्र सुरू झाले. सुमारे मीटरभर रुंदीची पोकळ धातूची नळी वाकवून केलेले ते मोठे कडे होते आणि त्याच्या आत ड्युटेरियमचा प्लाझ्मा. काही दिवसांतच न्यूट्रॉन दिसू लागले. ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि ब्रिटनला स्वतःच्या यशाची बातमी हवीहवीशी झाली. जानेवारी १९५८ च्या अखेरीस निकाल जाहीर झाले, ‘नेचर’मध्ये निबंध आला. तापमान पन्नास लाख अंश असल्याचे सांगण्यात आले. हार्वेलचे संचालक सर जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणजे लिथियमचे केंद्रक कृत्रिमरीत्या फोडणाऱ्या जोडीतले एक, नोबेल विजेते. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच आहेत का, असे पत्रकारांनी विचारले तेव्हा त्यांनी नव्वद टक्के खात्री असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्या उरलेल्या दहा टक्क्यांना जागा मिळाली नाही. समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार, अशा मथळ्यांनी पाने भरली.

उलटतपासणी घेतली ती हार्वेलच्याच बेसिल रोझ यांनी. ते झीटाच्या गटातले नव्हते. त्यांची युक्ती सोपी होती. प्लाझ्मा सगळीकडून सारखा तापला असेल, तर न्यूट्रॉन सर्व दिशांना सारख्याच ऊर्जेने निघायला हवेत. रोझ यांनी विद्युतप्रवाहाच्या दिशेने निघणाऱ्या आणि उलट दिशेने निघणाऱ्या न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली. ती सारखी नव्हती. म्हणजे रशियनांना जे दिसले होते, तेच इथेही घडत होते. मे १९५८ मध्ये हार्वेलने दावा मागे घेतला. नाचक्की झाली, पण चूक घरच्याच माणसाने शोधली आणि संस्थेने ती चार महिन्यांत जाहीर केली, हेही तितकेच लक्षात ठेवावे. झीटा पुढे दहा वर्षे चालले. त्यावर काम करताना ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लेझरच्या साहाय्याने प्लाझ्माचे तापमान थेट मोजण्याचे तंत्र घोटून तयार केले. या तंत्रानेच पुढे इतिहास घडवला.

ऑगस्ट १९६८. सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेचे लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले, की त्यांच्या ‘टी-३’ या टोकामाक प्रकारच्या, म्हणजे कड्याच्या आकारातला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉनांचे तापमान एक कोटी अंशांपर्यंत गेले आहे. इतर देशांतली यंत्रे याच्या पासंगालाही पुरत नव्हती. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी शंका घेतली आणि शंका रास्त होती. रशियनांनी तापमान थेट मोजले नव्हते. प्लाझ्माच्या चुंबकीय परिणामावरून त्यांनी ते काढले होते. काही थोडे इलेक्ट्रॉन बेफाम वेगाने धावत असतील, तर तो आकडा खोटा फुगू शकतो. झीटाची आठवण ताजी होती. दुधाने तोंड पोळलेले सगळेच आता ताक फुंकून पीत होते.

आर्त्सिमोविच वाद घालत बसले नाहीत. त्यांनी ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेचे संचालक बास पीझ यांना निमंत्रण दिले, की तुमची माणसे आणि तुमचे लेझर घेऊन मॉस्कोला या आणि तुम्हीच मोजा. त्याच ऑगस्ट महिन्यात रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले. शीतयुद्ध ऐन भरात होते. तरीही निमंत्रण मागे घेतले गेले नाही आणि ब्रिटिशांनी ते स्वीकारले. निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक यांचा गट टनावारी उपकरणे घेऊन मॉस्कोत दाखल झाला.

मोजायचे कसे, तर माणकाच्या स्फटिकातून निघणारा लाल लेझरचा क्षणिक, पण तीव्र झोत प्लाझ्मात सोडायचा. त्यातला अगदी नगण्य अंश इलेक्ट्रॉनांवर आदळून बाजूला विखुरतो. इलेक्ट्रॉन स्थिर असते, तर विखुरलेला प्रकाश त्याच एका रंगाचा राहिला असता. ते धावत असतात म्हणून तो रंग पसरतो, काही भाग अधिक तांबडा तर काही कमी तांबडा होतो. इलेक्ट्रॉन जितके तापलेले, तितका पसारा रुंद. अडचण ही, की प्लाझ्मा स्वतःही झगमगत असतो आणि त्या झगमगाटातून हा क्षीण प्रकाश वेगळा काढायचा. कित्येक महिने जुळवाजुळव केल्यावर नोंदी येऊ लागल्या. बेफाम धावणाऱ्या थोड्या इलेक्ट्रॉनांचा त्यात गोंधळ नव्हता. संपूर्ण प्लाझ्माच खरोखर तापलेला होता आणि रशियनांचा आकडा बरोबर होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला. त्यावर चार ब्रिटिश नावांसोबत सान्निकोव्ह हे रशियन नाव होते.

त्यानंतर वाद उरला नाही. प्रिन्स्टनने आपले मोठे स्टेलरेटर १९७० मध्ये टोकामाकमध्ये बदलून टाकले. जगभर टोकामाक उभे राहू लागले आणि आज फ्रान्समध्ये उभारला जात असलेला ‘इटर’ हा अनेक देशांचा महाकाय टोकामाक त्याच वंशातला. प्रतिस्पर्ध्याला स्वतःचे यंत्र उघडून देण्याचा एका माणसाचा निर्णय या विद्येची दिशा ठरवून गेला.

याच्या नेमके उलट वीस वर्षांनी घडले. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेतली. स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन हे दोघे विद्युतरसायनतज्ज्ञ. फ्लाइशमन तर रॉयल सोसायटीचे सदस्य, क्षेत्रातले मानाचे नाव. काचेच्या लहानशा पात्रात जड पाणी, त्यात पॅलेडियमची कांडी, तिच्याभोवती प्लॅटिनमची तार. वीज सोडली की पाण्यातले ड्युटेरियम पॅलेडियममध्ये शिरते आणि तिथे संमीलन होऊन घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते, असा त्यांचा दावा. कोट्यवधी अंशांची गरज नाही, प्रचंड चुंबके नकोत. साधे टेबल पुरे. याला ‘शीत संमीलन’ म्हटले जाऊ लागले.

शेजारच्या प्रोव्हो गावातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स यांचा गट अशाच विषयावर काम करत होता. दोन्ही गटांनी आपले निबंध २४ मार्चला एकाच वेळी पाठवायचे, असे ठरले होते. युटाने आदल्याच दिवशी पत्रकार परिषद घेतली. पेटंटच्या चिंतेमुळे प्रयोगाचे तपशील पुरते दिले गेले नाहीत. जगभरचे शास्त्रज्ञ दूरचित्रवाणीवरची दृश्ये आणि फॅक्सवरून फिरणाऱ्या प्रती पाहून पात्राची मापे ठरवू लागले. युटा राज्याच्या विधिमंडळाने एप्रिलमध्येच पन्नास लाख डॉलर मंजूर केले. डॅलसमध्ये हजारो रसायनशास्त्रज्ञांनी पॉन्स यांचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले.

पण हिशेब जुळत नव्हता. एक वॉट उष्णता संमीलनातून येत असेल, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. इतक्या न्यूट्रॉनांशेजारी उभा राहिलेला माणूस जिवंत राहिला नसता. १ मे रोजी बाल्टिमोरला भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेत कॅलटेकचे नेथन लुइस आणि स्टीव्हन कूनिन यांनी दाव्याची चिरफाड केली. पात्रातले पाणी नीट ढवळले नाही, तर तापमान जागोजागी वेगळे असते आणि उष्णतेचा हिशेब चुकतो, हे लुइस यांनी दाखवले. जॉर्जिया टेकच्या गटाला आधी न्यूट्रॉन दिसले होते. त्यांचे उपकरणच उष्णतेने बिघडत होते, हे लक्षात येताच त्यांनी काही दिवसांत दावा मागे घेतला. फ्लाइशमन यांचा जुना संबंध असलेल्या हार्वेलने कित्येक पात्रे लावून काही महिने तपासणी केली. हाती काही आले नाही. नोव्हेंबरात अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने उपयुक्त ऊर्जा मिळण्याचा पटण्याजोगा पुरावा नसल्याचे सांगून खास निधी नाकारला. तिचे एक सहअध्यक्ष नॉर्मन रॅम्सी यांना त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

या प्रकरणाचा एक अध्याय मुंबईत लिहिला गेला. युटाची बातमी आली तेव्हा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जड पाणी होते, न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (ड्युटेरियमहूनही जड हायड्रोजन) मोजणारे अनुभवी हात होते आणि प्रयोगाला पाठबळ देणारे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार होते. काही आठवड्यांत अनेक विभागांतले गट कामाला लागले. न्यूट्रॉनभौतिकी विभागाचे डॉ. एम. श्रीनिवासन त्यात पुढे होते. त्यांना मधूनमधून न्यूट्रॉनांचे झोत दिसल्याची आणि ट्रिटियम आढळल्याची नोंद आहे. डिसेंबर १९८९ मध्ये केंद्राने हे सगळे काम एका अहवालात छापले. युटाने पेटंटसाठी तपशील राखून ठेवले असताना तुर्भ्याने आपल्या पद्धती आणि आकडे कागदावर मांडले, ही गोष्ट कौतुकाचीच.

तरीही तो पुरावा पुरेसा ठरला नाही. ज्ञात भौतिकीनुसार ड्युटेरियमच्या संमीलनात ट्रिटियम आणि न्यूट्रॉन जवळजवळ सारख्या संख्येने निघतात. तुर्भ्याच्या नोंदींत ट्रिटियम न्यूट्रॉनांपेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त होते. एक तर नवे विज्ञान सापडले होते, किंवा मोजमापात कुठे तरी पाणी मुरत होते. याचा निवाडा एकाच मार्गाने झाला असता. दुसऱ्या प्रयोगशाळेने, दुसऱ्या हातांनी, ठरलेल्या कृतीने तोच परिणाम हमखास मिळवून दाखवायला हवा होता. तसे घडले नाही आणि १९९० च्या दशकात हे काम थांबले. पुढे गूगलच्या निधीतून अनेक विद्यापीठांनी कित्येक वर्षे हाच शोध घेतला. २०१९ मध्ये त्यांनीही ‘नेचर’मध्ये शीत संमीलनाचा पुरावा न मिळाल्याचे लिहिले.

त्याच १९८९ साली गुजरातेत प्लाझ्मा संशोधन संस्थेचा ‘आदित्य’ हा भारतीय बनावटीचा टोकामाक सुरू झाला. त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण भारत पुढे इटर प्रकल्पात भागीदार झाला आणि इटरच्या यंत्राला वेढणारे तीन हजार आठशे टनांहून जड, सुमारे तीस मीटर उंचीचे क्रायोस्टॅट हे निर्वात पात्र गुजरातमधल्या हझिरा येथे घडले. त्यामागे अशा शांतपणे चाललेल्या कामाचा वारसा आहे.

आज संमीलनाच्या शर्यतीत सरकारांबरोबर खासगी कंपन्या उतरल्या आहेत आणि दावे पुन्हा जोरात आहेत. २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने दहा वर्षांत ट्रकवर मावेल अशी संमीलनभट्टी देण्याचे सांगितले होते. ती आली नाही. २०२३ मध्ये हेलियन कंपनीने २०२८ पासून मायक्रोसॉफ्टला वीज देण्याचा करार केला. करारातून विश्वास दिसतो, पण करार म्हणजे मोजमाप नव्हे. कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स या कंपनीच्या स्पार्क यंत्रामागचे भौतिकशास्त्र मात्र २०२० मध्ये निबंधांच्या मालिकेतून छापले गेले. ते कोणालाही तपासता येते. यश मिळेल की नाही हे यंत्र सांगेल, पण पद्धत सरळ आहे.

खऱ्या यशाच्या बातमीलाही हाच कस लावावा लागतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये लेझरने इंधनाची गोळी असलेल्या लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. घटना ऐतिहासिक होती आणि आकडे अस्सल होते. पण ते लेझर चालवायला भिंतीतल्या जोडणीतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घ्यावी लागली होती. दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनी स्वतःहून सांगितले. दुसरा आकडा बहुतेक बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात गेला किंवा गेलाच नाही.

संमीलनावर माझा विश्वास आहे. कोळशाच्या धुराशिवाय आणि हजारो वर्षे टिकणाऱ्या अणुकचऱ्याशिवाय वीज मिळण्याची ही माणसापुढची एक मोठी शक्यता आहे आणि तिच्यावर पैसा, बुद्धी आणि आयुष्ये खर्च होणे योग्यच आहे. म्हणूनच खोट्या आशेचे नुकसान मला मोठे वाटते. दावा कोसळला की लोकांचा विश्वास उडतो, निधी आटतो आणि शांतपणे काम करणाऱ्यांनाही त्याची झळ बसते. आपण शास्त्रज्ञ नसलो, तरी वाचक, करदाते आणि गुंतवणूकदार म्हणून आपले काम सोपे आहे. पुढची मोठी बातमी येईल तेव्हा तारखेवर आणि मथळ्यावर थांबू नका. मोजले कोणी, हे विचारा. ऊर्जेचा हिशेब कुठून कुठपर्यंत केला आणि प्रतिस्पर्ध्याला यंत्रापाशी येऊ दिले का, हेही विचारा. या प्रश्नांची उत्तरे जो स्वतःहून देतो, त्यालाच आपला वेळ आणि पैसा द्यावा.